डासांच्या नकाशात झाडेही घ्या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

डासांचा विषय निघाला की आपल्याकडे बोलणे पाण्यावर येऊन थांबते. हौद, रांजण, बॅरल, कुलर, टायर, गच्चीवरची फुटकी बादली. हे चुकीचे नाही. सोलापुरात नळाला काही दिवसांआड पाणी येते, त्यामुळे घरोघरी साठवण होते, आणि डेंगी पसरवणाऱ्या एडिस इजिप्ती या डासाला अंड्यापासून उडता डास व्हायला ७ ते १० दिवस पुरतात. म्हणून कोरडा दिवस, अ‍ॅबेट हे अळीनाशक, गप्पी मासे ही सगळी कामे चालूच राहिली पाहिजेत. मात्र डासाचे आयुष्य पाण्याइतकेच झाडाझुडपांवर अवलंबून असते. तो झाडांवर पोट भरतो आणि अंडी घालायची जागा कुजणाऱ्या पाल्याच्या वासावरून हेरतो. काही जातींच्या अळ्या तर पाणवनस्पतींच्या मुळांना चिकटून वाढतात. या तिन्ही सवयींचा उपयोग डास मोजण्यासाठी आणि कमी करण्यासाठी होतो. शहराच्या डासनियंत्रणात हे ज्ञान उतरावे, यासाठी हे सविस्तर पत्र.

आधी खाण्याचे पाहू. नर डास चावत नाही, तो आयुष्यभर फक्त गोड रसावर जगतो. मादीला रक्त लागते ते अंड्यांसाठी. उडण्याची आणि तग धरण्याची शक्ती तीही बहुतांशी साखरेतूनच मिळवते. कोषातून बाहेर पडलेला डास पहिल्या एक-दोन दिवसांत बहुधा एखाद्या फुलाकडे वळतो. फूलच हवे असे नाही. एरंडासारख्या झाडांच्या पानांच्या देठावर बारीक गाठीसारख्या ग्रंथी असतात, त्यांतून गोड रस पाझरतो. पिकून फुटलेले फळ चालते. मावा पडलेल्या पिकावरचा चिकटाही चालतो. रब्बी ज्वारीवर चिकटा पडला की पाने कशी चकाकतात हे मंगळवेढ्याच्या शेतकऱ्याला सांगायला नको. तो चिकटा म्हणजे डासासाठी मांडून ठेवलेले साखरेचे ताट.

साखर एवढी महत्त्वाची का, हे डासाच्या वयावरून समजते. डेंगीच्या रुग्णाला चावलेली मादी लगेच रोग पसरवू शकत नाही. विषाणू तिच्या पोटातून लाळग्रंथींपर्यंत पोहोचायला साधारण ८ ते १२ दिवस लागतात. हिवतापाच्या जंतूला १० ते १४ दिवस. म्हणजे तरुण मादी त्रास देते, आजार देते ती म्हातारी. समजा रोज १०० पैकी ९० डास जगतात, तर दहा दिवसांनी ३५ उरतील. रोज ८० जगत असतील, तर दहा दिवसांनी जेमतेम ११. रोजच्या जगण्यात फरक थोडा, पण रोग पसरवण्याच्या वयाला पोहोचणाऱ्या माद्या एक तृतीयांशावर आल्या. जवळ साखर असणे-नसणे नेमके या रोजच्या जगण्यावर परिणाम करते.

याचा प्रत्यक्ष पुरावा पश्चिम आफ्रिकेतील माली देशातून आला आणि तो सोलापूरकरांनी लक्षपूर्वक वाचावा असा आहे, कारण त्यातले झाड आपल्या ओळखीचे आहे. वेडी बाभूळ. मूळची अमेरिका खंडातली ही वनस्पती १८७७ च्या सुमारास सिंध प्रांतात आणली गेली आणि पुढे देशभर पसरली. आज नाल्यांच्या काठावर, रेल्वे रुळांलगत, पडीक प्लॉटवर, शेताच्या बांधावर ती आहेच. मालीतील बांदियागारा भागात संशोधकांनी नऊ गावे निवडली. सहा गावांत वेडी बाभूळ होती, तीन गावांत नव्हती. बाभळीच्या सहापैकी तीन गावांत तिच्या फक्त फुलांच्या फांद्या छाटल्या. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासानुसार छाटणीनंतर सापळ्यांत सापडणारे, हिवताप पसरवणारे अ‍ॅनोफिलिस डास ६९.४ टक्क्यांनी घटले. साखर खाल्लेल्या माद्यांचे प्रमाण ७३ टक्क्यांवरून १५ वर आले, नरांचे ७७ वरून १० वर. म्हाताऱ्या, म्हणजे धोकादायक माद्याही कमी झाल्या. कुठेही कीटकनाशक फवारलेले नव्हते.

हा आकडा उचलून जसाच्या तसा सोलापूरला चिकटवू नये. मालीतला डास अ‍ॅनोफिलिस गॅम्बी होता, तो भारतात नाही. आपल्याकडे खेड्यांत अ‍ॅनोफिलिस क्युलिसिफेसीस आणि शहरात टाक्यांत वाढणारा अ‍ॅनोफिलिस स्टीफेन्सी हे हिवतापाचे वाहक. गटारात वाढणारा क्युलेक्स हत्तीरोगाचा. डेंगीचा एडिस इजिप्ती घरातच दडतो, पलंगाखाली, टांगलेल्या कपड्यांमागे, आणि वरचेवर माणसाचे रक्त घेतो. त्यामुळे साखरेवाचून त्याचे फारसे अडत नाही. वेडी बाभूळ छाटली म्हणजे डेंगी गेला, असे कोणी सांगत असेल तर त्यावर विश्वास ठेवू नका. नाल्याकाठचे क्युलेक्स आणि वस्तीच्या कडेचे अ‍ॅनोफिलिस यांच्यासाठी मात्र ही कल्पना इथे तपासून पाहण्याजोगी आहे. आपला उन्हाळा कोरडा. इतर फुले करपून जातात तेव्हाही ही बाभूळ हिरवी असते. साधारणतः फेब्रुवारी-मार्चमध्ये आणि पुन्हा पावसाळ्याच्या उत्तरार्धात ती पिवळसर तुऱ्यांनी भरते.

तपासणी कशी करावी? सारख्या स्वरूपाचे, साधारण तेवढीच वस्ती असलेले नाल्याचे दोन पट्टे निवडावेत, एकमेकांपासून पुरेसे दूर. दोन्हीकडे दोन आठवडे रोज संध्याकाळी प्रकाश सापळे लावून डास मोजावेत, जात आणि नर-मादी वेगळे करून. मग एका पट्ट्यातील फुलांच्या फांद्या छाटाव्यात, दुसरा तसाच ठेवावा, आणि आणखी दोन आठवडे मोजणी करावी. छाटलेल्या पट्ट्यात डास घटले एवढ्यावरून काहीच सिद्ध होत नाही. वारा सुटला, पाऊस पडला, नाला वाहून गेला तरी डास घटतात. न छाटलेला पट्टा त्यासाठीच सोबत ठेवायचा. आणि या चार आठवड्यांत दोन्हीकडे धूर फवारणी बंद ठेवायची, नाहीतर कशाने काय झाले हे कळणार नाही.

छाटणीतही चुकायला वाव आहे. वेडी बाभूळ जमिनीलगत तोडली की खोडातून दुप्पट फुटवे येतात आणि पुढच्या हंगामात झुडूप आणखी दाट होते. झाड कायमचे काढायचे असेल तर माती उकरून खोड जमिनीच्या पातळीखाली, जिथून फुटवे येतात त्या गाठीच्या खालून कापावे लागते. फक्त फुलोरा काढायचा असेल तर बहर येताच, शेंगा धरण्यापूर्वी, टोकाकडच्या फांद्या छाटाव्यात. शेंगा धरल्यावर छाटणी केली तर शेळ्या त्या खातात आणि लेंड्यांतून बी नव्या जागी पोहोचते. काटे बूट भेदून जातात, त्यामुळे कामगारांना जाड तळव्याचे बूट आणि कातडी हातमोजे दिल्याशिवाय हे काम सुरू करू नये. छाटलेल्या फांद्या नाल्यातच लोटल्या तर पाणी तुंबते आणि तिथेच क्युलेक्सची पैदास वाढते. शहरी भागात १९७५ च्या वृक्ष संरक्षण कायद्यानुसार वृक्ष प्राधिकरणाची परवानगीही लागते. आणखी एक गोष्ट मनापासून सांगावीशी वाटते. ही बाभूळ मधमाश्यांना मोठा आधार आहे. म्हणून माळावरची, शेतातली, वस्तीपासून लांबची झाडे सोडून द्यावीत. काम घरांना खेटून असलेल्या पट्ट्यापुरतेच ठेवावे.

वेड्या बाभळीबरोबर आणखी दोन झाडांची नावे घ्यायला हवीत. पुण्यात १९५५ च्या सुमारास पहिल्यांदा नोंदवलेले गाजरगवत आज प्रत्येक रिकाम्या प्लॉटवर आहे. केनियातील संशोधकांनी २०१५ साली दाखवून दिले की अ‍ॅनोफिलिस गॅम्बीच्या माद्या गाजरगवतावर पोट भरून जगतात आणि अंगात ऊर्जेचा साठाही करतात. या गवतातले विष त्यांना अडवत नाही. एरंडही त्यांना फार प्रिय. प्लॉटमालकांना नोटिसा जातात त्या कचऱ्यासाठी. फुलावर आलेले गाजरगवत हेही त्या नोटिसेत एक कारण म्हणून घालावे. फुलण्यापूर्वी, ओल्या जमिनीतून, हातमोजे घालून मुळासकट उपटणे हाच त्यावर सोपा मार्ग आहे. फुलल्यावर उपटले तर बी तिथेच सांडते, शिवाय उपटणाऱ्याच्या अंगाला खाज सुटते.

डासाने खरोखर झाडाचा रस खाल्ला की नाही हे ओळखण्याची एक जुनी, स्वस्त रासायनिक चाचणी आहे आणि ती कोणत्याही महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत करता येते. रक्तातली साखर ग्लुकोज, तर झाडांच्या रसात फ्रुक्टोजही असते. अँथ्रोन हे द्रव्य थंड स्थितीत फ्रुक्टोजशी संयोग पावून निळे-हिरवे होते. १५० मिली पाण्यात ३८० मिली तीव्र सल्फ्युरिक आम्ल सावकाश ओतून थंड करायचे (पाण्यात आम्ल ओतायचे, आम्लात पाणी कधीही नाही) आणि अशा प्रत्येक १०० मिली द्रावणात १५० मिलिग्रॅम अँथ्रोन विरघळवायचे. पहाटे पकडलेले डास लगेच बर्फात ठेवावेत. नाहीतर काही तासांत साखर पचते आणि खाल्लेला डासही उपाशी दिसतो. प्रत्येक डास वेगळ्या काचनळीत घेऊन त्यावर क्लोरोफॉर्म-मिथेनॉलच्या समभाग मिश्रणाचा एक थेंब टाकायचा, वीस मिनिटांनी अँथ्रोन घालायचे, आणि तासाभराने रंग पाहायचा. पिवळा राहिला तर नाही, हिरवा-निळा झाला तर होय. सोलापूरच्या एप्रिलमध्ये ही चाचणी हमखास फसते, कारण द्रावण गरम झाले की अँथ्रोन ग्लुकोजलाही रंग देते आणि रक्त प्यालेली प्रत्येक मादी फुलावरून आल्यासारखी दिसते. खोली २५-२६ अंशांवर ठेवावी आणि प्रत्येक फेरीत फक्त साखर दिलेला एक आणि उपाशी ठेवलेला एक असे दोन डास तुलनेसाठी घ्यावेत. वर सांगितलेल्या दोन पट्ट्यांच्या प्रयोगात ही चाचणी जोडली, तर छाटणीमुळे डासांचे खाणे तुटले की नाही हे थेट कळेल. विद्यापीठातील प्राणिशास्त्र आणि रसायनशास्त्राच्या विद्यार्थ्यांना याहून चांगला प्रकल्प कोणता मिळणार?

आता दुसरी सवय. आमच्या मते सोलापूरला सर्वांत लवकर उपयोगी पडेल ती हीच. अंडी घालायला निघालेली एडिस मादी स्वच्छ पाणी शोधते, असे आपण सर्रास म्हणतो. खरे पाहता तिला पाला किंवा गवत किंचित कुजलेले पाणी जास्त आवडते. पाल्यावर वाढणारे जिवाणू काही आम्ले तयार करतात आणि त्यांच्या खुणेवरून मादी ओळखते की इथे अळ्यांना खायला मिळेल. या आवडीचा उपयोग करून अंडी-सापळा बनवतात. पोर्तो रिकोच्या सान हुआन शहरात झालेल्या आणि १९९१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात गवताच्या पाण्याचे दोन डबे शेजारी ठेवले, एकात दाट आणि दुसऱ्यात १० टक्के. साध्या पाण्याच्या एकट्या डब्याच्या तुलनेत या जोडीत सुमारे आठपट अंडी मिळाली.

गवताचे पाणी असे करावे. झाकणाच्या बादलीत १५ लिटर पाणी घ्यावे, त्यात १२५ ग्रॅम वाळलेले गवत तुकडे करून घालावे, तोंडाला दाट कापड बांधून वर झाकण लावावे आणि सावलीत सात दिवस ठेवावे. कडक उन्हाळ्यात पाच दिवसही पुरतात. कापड बांधायला विसरलात तर बादलीच पैदासीची जागा होते. गवतावर कीटकनाशक फवारलेले नसावे, नाहीतर अंडी मिळतील पण अळ्या मरतील आणि पुढची तपासणी वाया जाईल. आपल्याकडे कडबा मुबलक आहे, तो घ्यायला हरकत नाही. फक्त सुरुवातीला दहा ठिकाणी कडब्याचे, साध्या गवताचे आणि निव्वळ नळाचे पाणी असे तीन डबे शेजारी ठेवून फरक पाहून घ्यावा. कोणत्या शहरात कोणता पाला चालतो हे असेच ठरते. तयार पाणी गाळून एक भाग आणि साधे पाणी नऊ भाग मिसळावे. दाट पाणी एकटे वापरू नये. त्याच्या उग्र वासाने एडिस बिचकते आणि क्युलेक्स मात्र धावून येतो.

डबा काळा हवा, साधारण अर्ध्या लिटरचा. प्लॅस्टिकच्या डब्याला बाहेरून काळा रंग दिला तरी चालेल, फक्त रंग सुकून वास गेल्यावरच वापरावा. वरच्या कडेखाली दोन बोटे अंतरावर छिद्र पाडावे, म्हणजे पावसाचे पाणी ओसंडून अंडी वाहून जाणार नाहीत. आत ३०० ते ४०० मिली पाणी. म्हणजे एका बादलीचे १५ लिटर दहापट पातळ केल्यावर ३५० पेक्षा जास्त डब्यांना पुरते. डब्याच्या आतल्या भिंतीला खरखरीत कागदाची पट्टी अर्धी पाण्यात, अर्धी बाहेर राहील अशी लावावी. मादी पाण्यावर अंडी टाकत नाही, ओलसर भिंतीवर पाण्याच्या रेषेच्या थोडे वर एकेक चिकटवते. बियाण्याची उगवण तपासायचा जर्मिनेशन पेपर यासाठी उत्तम. सोलापुरात टॉवेलचे तुकडे फुकटात मिळतील, म्हणून ते वापरण्याचा मोह होईल. तो टाळावा. टर्किश कापडाच्या फासांत अंडी रुततात आणि मोजता येत नाहीत.

डबा सावलीत, जमिनीपासून कमरेच्या उंचीपर्यंत, कुंड्यांच्या किंवा न्हाणीघराच्या आडोशाला ठेवावा. उन्हात ठेवलेला डबा सोलापूरच्या हवेत तीन दिवसांत आटतो आणि शून्य नोंद होते, जी खरी नसते. मुंग्या आणि झुरळे अंडी खातात, म्हणून डब्याच्या बाहेरून ग्रीसचा पट्टा ओढावा. डब्यावर ठळक अक्षरांत क्रमांक, ठेवल्याची तारीख आणि "हलवू नका, आरोग्य तपासणी" असे लिहावे. सोलापूरच्या पूर्व भागात हेच तेलुगूत आणि काही वस्त्यांत कन्नडमध्येही लिहायला हवे, नाहीतर कामाच्या घाईत कोणीतरी डबा उलटा करून ठेवणार.

पाचव्या दिवशी, उशिरात उशिरा सहाव्या दिवशी, पट्टी काढायची. इथे कुचराई झाली की सगळेच उलटते. सात-आठ दिवस डबा विसरला तर त्यातूनच डास बाहेर पडतात आणि तपासणीचा डबा हाच डासांचा कारखाना होतो. एखाद्या प्रभागात दर आठवड्याला फिरणारा माणूस नसेल तर तिथे हे काम सुरूच करू नये. पट्टी सावलीत वाळवून दहापट भिंगाखाली पाहावी. काळी, लांबट, दोन्ही टोकांना निमुळती, एक मिलिमीटरहून लहान अंडी दिसतात. पाण्यावर तरंगणारा अंड्यांचा छोटा तराफा दिसला तर तो क्युलेक्सचा, तो वेगळा नोंदवावा. मोजून झालेल्या पट्ट्या उकळत्या पाण्यात बुडवाव्यात किंवा जाळाव्यात. नुसत्या वाळवून ठेवू नयेत. एडिसची अंडी कोरडी होऊनही कित्येक महिने जिवंत राहतात आणि पाणी लागताच उबतात.

हिशेब सोपा आहे. समजा एका प्रभागात ४० डबे ठेवले, ३७ परत मिळाले आणि ११ मध्ये अंडी सापडली. मग ११ भागिले ३७ म्हणजे सुमारे ३० टक्के डबे बाधित. भागायचे ते मिळालेल्या डब्यांनी, ठेवलेल्या नव्हे. त्या ११ डब्यांत मिळून २६४ अंडी असतील तर डब्यामागे २४. हे दोन आकडे दर आठवड्याला प्रभागवार मांडले की डेंगीचे रुग्ण दिसण्याआधीच कोणत्या गल्लीत डास वाढताहेत ते समजते. घरोघर फिरून हौद-रांजणांतल्या अळ्या मोजण्याच्या पद्धतीला ही जोड आहे. सर्वेक्षण करणाऱ्याला कुलूपबंद घरे, गच्चीवरची टाकी, माळ्यावरचे भांडे दिसत नाही. मादीला ते सापडते, आणि तीच फिरता फिरता आपल्या डब्यातही येते.

या आकड्यांचा अर्थ लावताना दोन फसगती हमखास होतात. जोराचा पाऊस झाला की शहरभर नवी डबकी तयार होतात, माद्या तिकडे वळतात आणि डब्यांतली अंडी घटतात. डास कमी झाले असे वाटते, प्रत्यक्षात वाढलेले असतात. याच्या उलट, एखाद्या गल्लीत कोरडा दिवस मनापासून पाळला, सगळे हौद घासून कोरडे केले, की माद्यांना दुसरी जागा उरत नाही आणि पुढच्या आठवड्यात डब्यांत अंडी एकदम वाढतात. हे अपयश नाही, मोहीम नीट झाल्याची खूण आहे. ज्या अधिकाऱ्याला हे माहीत नाही तो त्या गल्लीतल्या आशाताईंनाच बोल लावेल. दोन-तीन आठवडे सलग पाहिल्याशिवाय निष्कर्ष काढू नये आणि शेजारी पावसाची नोंद ठेवावी.

हाच सापळा पकडण्यासाठीही वापरता येतो. पोर्तो रिकोच्या दक्षिण भागात मोठ्या काळ्या बादल्यांत १० लिटर पाणी, ३० ग्रॅम गवताची पुडी, आत शिरल्यावर मादी चिकटून बसेल असा गोंदाचा कागद आणि खालच्या पाण्यापर्यंत जाऊ न देणारी जाळी, अशी रचना केली. बहुतेक घरांत प्रत्येकी तीन सापळे ठेवले. एडिसची संख्या निम्म्याहून खाली आली आणि पुढे चिकुनगुनियाची साथ आली तेव्हा सापळ्यांच्या वस्त्यांतील लोकांना तो होण्याचे प्रमाण इतर वस्त्यांच्या निम्मे होते. मात्र दहा-वीस घरांत सापळे लावून काही साधत नाही. गल्लीतली बहुसंख्य घरे सामील झाली तरच. सोलापूरच्या धुळीत गोंदाचा कागद लवकर निकामी होतो, हेही लक्षात ठेवावे.

गोडाच्या आवडीचा आणखी एक उपयोग विषाणू ओळखण्यासाठी होतो. डास साखर खाताना थोडी लाळ सोडतो. ऑस्ट्रेलियात संशोधकांनी सापळ्यांत मधात भिजवलेली, विषाणूचा जनुकीय अंश टिकवून ठेवणारी कागदी कार्डे ठेवली आणि त्यावरच्या लाळेतून रॉस रिव्हरसारखे विषाणू शोधले. हे काम २०१० मध्ये प्रसिद्ध झाले. हजारो डास वेचून तपासण्याऐवजी एक कार्ड पाकिटात घालून प्रयोगशाळेत पाठवायचे. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेसारखी संस्था शेजारच्या जिल्ह्यात असताना अशी प्रायोगिक मांडणी इथे करता येईल. पण कार्ड सुकले की डास त्याकडे फिरकत नाही, मुंग्या मध फस्त करतात, आणि कार्डावर विषाणू सापडला नाही म्हणजे तो वस्तीत नाही असे होत नाही.

तिसरी सवय पाणवनस्पतींची. मॅन्सोनिया जातीच्या अळ्या गोंडाळ, जलपर्णी यांच्या मुळांत श्वासनळी खुपसून हवा घेतात, पृष्ठभागावर येतच नाहीत. म्हणून त्यांच्यावर तेल किंवा फवारणी चालत नाही, वनस्पतीच काढावी लागते. केरळात चेर्तला भागात पुद्दुचेरीच्या व्हेक्टर कंट्रोल रिसर्च सेंटरने हत्तीरोगाविरुद्ध तेच केले आणि रिकाम्या झालेल्या तळ्यांत मासे पाळायला लावले. आपल्याकडे कंबर तलावासारख्या ठिकाणी जलपर्णी वाढते तेव्हा प्रश्न वेगळा असतो. तिच्या दाटीत मासे अळ्यांपर्यंत पोहोचत नाहीत आणि औषध पानांवरच राहते. काढलेली जलपर्णी काठावर ढीग घालून ठेवली की तिच्याखालच्या खड्ड्यांत नव्याने पैदास सुरू होते. त्याच दिवशी ट्रकने उचलून खतासाठी नेणे हा कामाचाच भाग मानावा.

एक इशारा. साखरेत बोरिक अ‍ॅसिड किंवा बोरॅक्स मिसळून घरी "डासमार सरबत" बनवण्याच्या कृती फिरत असतात. कल्पना खरी आहे, साखरेतून विष देण्याचे सापळे अनेक देशांत तपासले गेले. मालीतील सुरुवातीच्या चाचणीत डास निम्म्याहून जास्त घटले, पण पुढे झांबिया, केनिया आणि माली येथील मोठ्या चाचण्यांत हिवताप लक्षणीय कमी झाल्याचा ठोस पुरावा मिळाला नाही. त्या सापळ्यांवर मधमाशी पोहोचू नये म्हणून बारीक पडदा असतो. घरच्या बशीला तो नसतो. गोड बशी आधी लहान मूल किंवा मधमाशी गाठते. हे करू नका. "डास पळवणारी" रोपे विकत घेऊन खिडकीत ठेवण्यानेही काही होत नाही. गवती चहाच्या कुळातल्या सिट्रोनेलाच्या पानांत तेल असते, पण ते पान चुरडल्याशिवाय हवेत पुरेसे येत नाही. अशा रोपाखालच्या बशीत साचलेल्या पाण्यात मात्र एडिस नेमाने वाढतो. बाटलीतला मनी प्लँट आणि लकी बांबू यांचेही तसेच. लकी बांबूच्या पाण्यातून एडिस अल्बोपिक्टस २००१ मध्ये कॅलिफोर्नियापर्यंत पोहोचला होता. पाणी दर तीन दिवसांनी बदलावे, मुळे आणि बाटलीची आतली बाजू नळाखाली चोळून धुवावी, किंवा रोप सरळ मातीत लावावे. साठवणीच्या हौदात कडुलिंबाचा पाला टाकणारेही पुष्कळ आहेत. पाला कुजला की वर सांगितलेला वास तयार होतो, म्हणजे आपण मादीला आमंत्रणच देतो. हौदावर झाड वाकले असेल तर वर दाट जाळी घालावी, आणि हौद रिकामा केल्यावर काथ्याच्या ब्रशने पाण्याच्या रेषेजवळची भिंत घासावी. नुसते पाणी बदलल्याने भिंतीवरची अंडी जात नाहीत.

महापालिकेकडे आणि जिल्हा हिवताप कार्यालयाकडे आमची विनंती अशी. जून आणि जुलै हे हिवताप व डेंगीविरोधी महिने म्हणून पाळले जातात. त्याआधी, मे महिन्यातच, विडी घरकुल, शेळगी, जुळे सोलापूर आणि पूर्व भागातील एखादी दाट पेठ अशा चार वेगवेगळ्या धाटणीच्या वस्त्यांत प्रत्येकी ४० अंडी-डबे ठेवून सुरुवात करावी. १६० डब्यांना गवताच्या पाण्याची एक बादली पुरून उरते. आठवड्याला एक माणूस एक वस्ती सहज सांभाळू शकतो. आकडे प्रभागाच्या फलकावर लावावेत, म्हणजे लोकांनाही आपल्या गल्लीत काय चालले आहे ते दिसेल. पावसाळ्याच्या उत्तरार्धात वेडी बाभूळ पुन्हा बहरेल, तेव्हा नाल्याच्या दोन पट्ट्यांचा प्रयोग करावा. वृक्ष प्राधिकरणाच्या परवानगीला वेळ लागतो, म्हणून त्याचा अर्ज मात्र आताच द्यावा लागेल.

आपले,
कीटकशास्त्र आणि सार्वजनिक आरोग्य या क्षेत्रांत काम करणारे काही सोलापूरकर